स्क्रीनशॉट मागायचा कुणाकडे?

पडद्यावरच्या एखाद्या विंडोचं चित्र हवं असलं की बहुतेक जण कळ दाबून मोकळे होतात. विंडोजवर आल्ट आणि प्रिंटस्क्रीन, मॅकवर शिफ्ट-कमांड-४ आणि वर स्पेसबार. एक-दोन चित्रांपुरतं तेवढं पुरतं. पण सॉफ्टवेअरची पुस्तिका लिहिणाऱ्याला शे-दीडशे चित्रं लागतात, आणि ग्नोम किंवा लिब्रेऑफिससारख्या प्रकल्पांची नवी आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते. एखादं बटण सरकलं, एक पर्याय वाढला, की जुनं चित्र वाचकाची दिशाभूल करायला लागतं. म्हणून ही मंडळी टर्मिनलमध्ये कमांड लिहून चित्रं काढतात. कमांड प्रोग्रॅम उघडते, त्याची विंडो हुडकते, चित्र फाइलमध्ये ठेवते. पुढची आवृत्ती आली की तीच कमांड पुन्हा चालवायची.

शुभदाताईंचं हे वर्षानुवर्षांचं काम. मुक्त सॉफ्टवेअरच्या मराठी पुस्तिका त्या करतात, त्यातल्या बऱ्याचशा पदरमोड करून. ओंकार त्यांच्याहून बराच लहान; कंपन्यांच्या यंत्रणेत कुठून शिरता येतं ते हुडकून सांगणं हा त्याचा पोटापाण्याचा धंदा. ताईंनी लिनक्सची नवी आवृत्ती बसवली आणि त्यांची जुनी स्क्रिप्ट चित्रांऐवजी काळे चौकोन देऊ लागली. त्या चौकोनांवरून दोघांची जुंपली. मध्ये बोलायची मला खोड आहे, ती अधूनमधून दिसेलच.

शुभदाताई : संगणक माझा, पडदा माझा, विंडो मीच उघडलेली. मी एका ओळीत सांगते, हिचं चित्र दे. आणि तो मला काळा चौकोन देतो. याला सुधारणा म्हणतात का रे?

ओंकार : तो नाही म्हणत नाहीये, ताई. तुम्ही ज्याच्याकडे मागताय त्याच्या हातात आता काही राहिलेलंच नाही.

शुभदाताई : कालपर्यंत त्याच्याच हातात होतं सगळं.

ओंकार : तेच तर दुखणं होतं.

हा 'तो' कोण, ते सांगायला हवं. लिनक्सवर आणि त्याआधी युनिक्सवर पडद्याचा कारभार अनेक वर्षं एक्स विंडो सिस्टिम सांभाळत आली. एमआयटीमध्ये १९८४ साली ती सुरू झाली आणि तिची अकरावी आवृत्ती, म्हणजे एक्स-११, १९८७ साली आली. प्रोग्रॅम स्वतः पडद्याला हात लावत नाहीत. ते एक्स सर्व्हरला सांगतात, इथे रेघ ओढ, इथे अक्षरं काढ. सगळ्यांची चित्रं त्या एकाच सर्व्हरच्या ताब्यात असल्यामुळे कुणालाही कुणाचंही चित्र हवं असेल तर त्याच्याकडे मागायचं, आणि तो देतो. त्यासाठीची कमांड एक्सबरोबरच येते. तिचं नाव एक्सडब्ल्यूडी.

शुभदाताई : एक्सडब्ल्यूडी नुसती चालवली ना, तर माउसचा बाण बदलून अधिकचं चिन्ह होतं. हव्या त्या विंडोवर क्लिक करायचं. चित्र घ्यायला सुरुवात झाली की एक घंटी, पुरं झालं की दोन. मोबाइलचा तो खोटा 'खट्याक' आवाज फार नंतरचा. आमची घंटी खरी होती, कारण तिच्यावरून काम सुरू झालं की संपलं ते कळायचं.

ओंकार : आणि घंटी नको असेल तर?

शुभदाताई : तर 'सायलेंट' असा पर्याय द्यायचा.

ओंकार : म्हणजे कुणाला न कळता चित्र घेण्याची सोय होतीच.

शुभदाताई : तुझं डोकं चालतंच तिरकं. स्क्रिप्टमधून शंभर चित्रं घेताना तीनशे घंट्या ऐकायच्या का मी? ऐक आता. शंभर चित्रं घेताना क्लिक करत बसायचं नसतं. प्रत्येक विंडोला सर्व्हरनं एक आकडा दिलेला असतो, शून्य-एक्सनं सुरू होणारा. एक्सविनइन्फो ही कमांड तो आकडा सांगते, रुंदी-उंची सांगते, विंडोचा डावा-वरचा कोपरा पडद्यावर कुठे आहे तेही सांगते. तो आकडा एक्सडब्ल्यूडीला दिला की त्याच विंडोचं चित्र येतं. किंवा इमेजमॅजिकची इम्पोर्ट नावाची कमांड वापरायची. ती थेट पीएनजी करून देते.

ओंकार : आकड्याऐवजी विंडोचं नाव दिलं तरी चालतं ना?

शुभदाताई : इंग्रजी पुस्तिकेत चालतं. मराठीत तिथेच ठेच लागते. लँग या व्हेरिएबलमध्ये मराठी घालून प्रोग्रॅम उघडला की शीर्षकपट्टीवर 'प्रेफरन्सेस' नसतं, त्याचं मराठी भाषांतर असतं. स्क्रिप्ट इंग्रजी नाव शोधत बसते आणि रिकाम्या हातानं परत येते. बरं, मराठी नाव घालावं तर पुढच्या आवृत्तीत भाषांतर करणारा शब्द बदलतो. म्हणून मी शीर्षक बघतच नाही. विंडोचा 'क्लास' म्हणून एक गुणधर्म असतो, त्याचं कुणी भाषांतर करत नाही. एक्सडूटूल नावाच्या कमांडला तो क्लास द्यायचा, 'सिंक'चा पर्याय लावायचा, म्हणजे विंडो सापडेपर्यंत ते थांबतं. वर एक सेकंदाचा 'स्लीप'. नाहीतर विंडो हळूहळू उमटत असताना अर्धीपारदर्शकच फाइलमध्ये जाते.

हा तपशील मुद्दाम सगळा देतोय. टर्मिनलवाल्यांना आळशी म्हणण्याची पद्धत आहे. वास्तविक एका चित्राला ही मंडळी कळ दाबणाऱ्याच्या दसपट कष्ट घेतात. ते कष्ट दुसऱ्या फेरीत वसूल होतात.

शुभदाताई : आणि जेपीजी नाही हं. जेपीजी आठ-बाय-आठ ठिपक्यांचे चौकोन करून चित्र दाबतं. निसर्गदृश्याला ते शोभतं. आपल्या शिरोरेषेच्या वर-खाली मात्र मळकट डाग पडतात, आणि 'ध'चा 'घ' वाटायला लागतो. पीएनजी १९९६ पासून आहे, एक ठिपका इकडचा तिकडे करत नाही. तरी लोक पुस्तिकेत जेपीजी घालतात.

ओंकार : ताई, एक विचारू? तुमच्या त्या ओळीत 'माझी विंडो' असं कुठे लिहिलेलं असतं?

शुभदाताई : म्हणजे?

ओंकार : एक्स सर्व्हरला तुम्ही आकडा दिलात, त्यानं चित्र दिलं. आकडा कुणाच्या विंडोचा, मागणारा कोण, मागतोय कशाला, यातलं काही तो विचारत नाही. त्याच क्षणी शेजारी तुमचा पासवर्ड मॅनेजर उघडा असेल, नेटबँकिंग उघडं असेल, तर त्यांचेही आकडे यादीत आहेत. आणि चित्रच कशाला, तुम्ही कुठल्या कळा दाबताय तेही कुठलाही प्रोग्रॅम ऐकू शकतो. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, पण कळा तर खऱ्याच असतात.

शुभदाताई : माझ्या संगणकावर जे चालतं ते मीच चालवलेलं असतं.

ओंकार : काय काय चालवलंय, सांगा बरं.

शुभदाताई : ब्राउझर, लिब्रेऑफिस, टर्मिनल... मीटिंगचं ते एक. कॅलेंडर. घड्याळाशेजारी हवामान दाखवणारं एक छोटंसं...

ओंकार : ते कुणी लिहिलंय?

शुभदाताई : असेल कुणीतरी भला माणूस.

ओंकार : असेलच. पण तो भला आहे या एवढ्याच भरवशावर तुमचं नेटबँकिंग उभं आहे. एक्स म्हणजे जुना वाडा, ताई. दिंडीदरवाजाला भलंमोठं कुलूप, आणि आत एकाही खोलीला कडी नाही. बाहेरच्याला आत यायला किल्ली लागते, ती 'मॅजिक कुकी' नावाची असते. पण एकदा आत आला की भाडेकरू आणि मालक सारखेच.

शुभदाताई : वाड्यात कुणाच्या घरी चोरी व्हायची नाही.

ओंकार : आत सगळे ओळखीचे होते म्हणून. आणि तेही खरं नाही. त्या काळी लोक 'एक्सहोस्ट प्लस' टाइप करून कुलूपच काढून ठेवायचे, दुसऱ्या मशीनवरचा प्रोग्रॅम आपल्या पडद्यावर दिसावा म्हणून. मग नेटवर्कवरचा कुणीही तुमचीच ती लाडकी एक्सडब्ल्यूडी चालवायचा, पुढे तुमच्या मशीनचं नाव लिहून, अख्ख्या पडद्याचं चित्र त्याच्या घरी. ओपनएसएसएचच्या मॅन्युअलमध्ये आजही इशारा आहे, की एक्सची जोडणी पलीकडच्या मशीनला मोकळी करून दिली तर तिथून तुमच्या कळा टिपता येतील.

इथे ताई थोडा वेळ गप्प बसल्या. पण ताईंचं गप्प बसणं म्हणजे हार मानणं असं समजणाऱ्याची नंतर पंचाईत होते.

शुभदाताई : बरं, तुझा चोर आपण खरा धरू. पण एक्स काहीही मागा, सगळं देतो, हेही तू वाढवून सांगतोयस. विंडो मिनिमाइझ केली तर तो चित्र देत नाही, उलट एरर देतो. विंडोचा कोपरा पडद्याबाहेर गेला तरी अख्ख्या विंडोचं चित्र देत नाही. आणि तिच्यावर दुसरी विंडो आली तर झाकल्या भागात काय येईल याची प्रोटोकॉल हमीच देत नाही. जुन्या दिवसांत हिशेबाच्या विंडोच्या चित्रात कोपऱ्यात घड्याळ यायचं.

ओंकार : २००४ पर्यंत. मग कॉम्पोझिट आलं.

शुभदाताई : हो, कीथ पॅकार्डचं. त्यानंतर प्रत्येक विंडो आधी पडद्यामागे वेगळी रंगवून ठेवता यायला लागली. मग वर काहीही येवो, खालची अख्खी मिळते. पण मेनूचं दुखणं राहिलंच. 'फाइल'वर क्लिक केल्यावर जी यादी लोंबते ना, ती एक्सच्या लेखी त्या प्रोग्रॅमच्या विंडोचा भाग नसते, वेगळीच विंडो असते. विंडोचा आकडा देऊन चित्र घेतलं की चित्रात मेनू नाही! पुस्तिकेत तर मेनूच दाखवायचा असतो. त्यासाठी एक्सडब्ल्यूडीला 'स्क्रीन' असा पर्याय आहे. तो दिला की ती विंडोकडे न मागता अख्ख्या पडद्यातून तेवढा तुकडा कापून घेते, मेनूसकट. कुणीतरी माझ्यासारख्यानंच वैतागून घातला असणार तो.

ओंकार : मला एवढं ठाऊक नव्हतं.

शुभदाताई : तुम्हाला दार फोडायचं ठाऊक असतं, घर लावायचं नाही. आता तू सांग, नव्या राज्यात मेनूचं चित्र कसं घ्यायचं?

नवं राज्य म्हणजे वेलँड. क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ साली त्याची सुरुवात केली. यात मधला एक्स सर्व्हर नाही. प्रत्येक प्रोग्रॅम आपली विंडो स्वतः रंगवतो आणि कॉम्पोझिटरच्या हवाली करतो. कॉम्पोझिटर सगळ्या एकत्र मांडून पडद्यावर आणतो. ग्नोम, केडीई, स्वे अशा प्रत्येकाचा कॉम्पोझिटर वेगळा. आपली विंडो पडद्यावर नेमकी कुठे आहे हे प्रोग्रॅमला सांगितलंच जात नाही. मग शेजाऱ्याची विंडो बघण्याचा प्रश्नच येत नाही. वेलँडच्या मूळ प्रोटोकॉलमध्ये 'पडद्याचं चित्र दे' अशी विनंतीच नाही. जुन्या प्रोग्रॅमसाठी एक्सवेलँड नावाचा एक एक्स सर्व्हर आत ठेवलेला असतो. ताईंची स्क्रिप्ट त्याच्याकडे अख्खा पडदा मागत होती, आणि त्याला पडदा कधी दिसलेलाच नसल्यामुळे तो काळा चौकोन देत होता. म्हणजे बिघाड कशातच नव्हता.

ओंकार : नव्या राज्यात पोर्टल नावाच्या मध्यस्थाकडे मागायचं. पोर्टल तुम्हाला विचारतं, हा प्रोग्रॅम स्क्रीनशॉट मागतोय, देऊ का? तुम्ही हो म्हणालात की देतं.

शुभदाताई : रात्री स्क्रिप्ट लावून मी झोपते. रात्री दोन वाजता ते विचारणार, देऊ का? कोण हो म्हणणार?

ओंकार : ती अडचण आहे, मान्य.

शुभदाताई : आणि एकच पद्धत असती तर शिकले असते. ग्नोमनं एक्केचाळिसाव्या आवृत्तीपासून स्क्रीनशॉटचा आपला आतला रस्ता बाहेरच्यांना बंद केला. केडीईत स्पेक्टॅकल आहे. त्याला चालू विंडो घे, पार्श्वभूमीला राहून घे, या फाइलमध्ये टाक, असं सगळं कमांडनं सांगता येतं, पण ती मुभा त्यालाच, कारण तशी नोंद त्याच्या डेस्कटॉप फाइलमध्ये आहे. स्वे वापरणाऱ्यांसाठी ग्रिम आणि स्लर्प. स्वेकडून विंडोंची यादी मागायची, त्यातून कोपरा आणि लांबी-रुंदी वेचायची, ती ग्रिमला द्यायची. चाळीस वर्षं जी गोष्ट एका कमांडनं व्हायची तिचे हे तीन संसार.

ओंकार : चाळीस नाही, पण पुढे बोला.

शुभदाताई : बोलते ना. ग्रिम परवानगी विचारतं का?

ओंकार : ...नाही. सहसा नाही. प्रोग्रॅम वेगळा कोंडून चालवला नसेल तर स्वे कुणालाही चित्र देतो.

शुभदाताई : म्हणजे ग्नोममध्ये चोर, केडीईमध्ये चोर, आणि स्वेमध्ये सगळे संत.

हा टोला बसला. तरी मला त्यात ओंकारची बाजू खोटी पडलेली दिसत नाही. वेलँडनं चित्र देण्याचा निर्णय एका जागी आणला, कॉम्पोझिटरकडे. तो निर्णय प्रत्येक कॉम्पोझिटर वेगळा घेतो, हा गोंधळ आहे खरा. एक्समध्ये निर्णय घ्यायला व्यवहारात जागाच नव्हती.

मॅकवर हाच वाद आधीच होऊन गेला आहे. तिथे स्क्रीनकॅप्चर नावाची कमांड आहे. 'डॅश एल' पुढे विंडोचा आकडा दिला की तेवढी विंडो येते, 'डॅश ओ' दिलं की भोवतीची सावली गळते, 'डॅश एक्स' दिलं की आवाज बंद. ऑक्टोबर २०१९ मध्ये मॅकची कॅटालिना ही आवृत्ती आली आणि ॲपलनं स्क्रीन रेकॉर्डिंगसाठी परवानगी लावली. परवानगी नसली तर दुसऱ्या प्रोग्रॅमची विंडो चित्रात येत नाही. मागचा वॉलपेपर येतो.

ओंकार : ही पद्धत मला बरी वाटते. एकदाच विचारायचं, कायमचं नोंदवायचं, यादी उघडी ठेवायची.

शुभदाताई : विचारतात कुणाला? टर्मिनलला. टर्मिनलला हो म्हटलं की त्यात चालणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टला हो. माझ्या चांगल्या स्क्रिप्टला आणि तुझ्या चोराच्या स्क्रिप्टलाही. मग त्या परवानगीनं अडवलं कुणाला? मला अडवलं, पाच मिनिटं.

ओंकार : टर्मिनलमध्ये काय चालवायचं याचं भान असलेल्या माणसालाच ती द्यावी, असा हिशेब आहे.

शुभदाताई : इंटरनेटवरून कमांड चिकटवणाऱ्या जगात असा हिशेब!

ओंकार : म्हणूनच २०२४ च्या सिकोया आवृत्तीपासून ॲपल काही प्रोग्रॅमबद्दल दर महिन्याला पुन्हा विचारायला लागलं. लोक वैतागले. मीही. पण मागच्या खेपेला त्या खिडकीमुळेच माझ्या एका मित्राला कळलं, की कधीच काढून टाकलेल्या मीटिंगच्या सॉफ्टवेअरचा एक तुकडा अजून पडदा बघायची परवानगी बाळगून आहे.

विंडोजबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिथे विंडोचं चित्र काढणारी तयार कमांड नाही. पॉवरशेलमधून डॉटनेटच्या वाटेनं पडद्याचा तुकडा कापता येतो. डिस्प्लेचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के असेल आणि स्क्रिप्टला त्याची जाण नसेल, तर चित्राची उजवी आणि खालची बाजू कापली जाते. मग 'ओके'चं बटण नसलेली पुस्तिका छापून येते. मी अशा पुस्तिका पाहिल्या आहेत.

पण विंडोजवरच या वादाला वेगळं वळण मिळालं. मायक्रोसॉफ्टनं मे २०२४ मध्ये रिकॉल जाहीर केलं. दर काही सेकंदांनी पडद्याचं चित्र घेऊन संगणकातच साठवायचं, म्हणजे आधी पाहिलेलं काहीही शोधता येईल, अशी ती कल्पना. सुरुवातीच्या रूपात साठवण पुरेशी सुरक्षित नसल्याचं सुरक्षा क्षेत्रातल्या लोकांनी दाखवून दिलं आणि ते लांबणीवर पडलं. २०२५ मध्ये ते आलं, ते वापरणाऱ्यानं स्वतः सुरू केलं तरच चालेल अशा रूपात. त्याच वर्षी मे महिन्यात सिग्नल या मेसेजच्या ॲपवाल्यांनी विंडोज ११ वरच्या आपल्या ॲपची विंडो स्क्रीनशॉटमधून वगळून टाकली. त्यासाठी त्यांनी चित्रपटांची चोरी रोखायला असतो तो खुणेचा झेंडा वापरला. आता रिकॉललाही सिग्नलची विंडो मिळत नाही.

ओंकार : बघा. इथे तुमच्या बाजूनं ॲप उभं राहिलं.

शुभदाताई : माझ्या बाजूनं? मला स्वतःला माझ्याच गप्पांचं चित्र हवं असेल तर?

ओंकार : सेटिंग बंद करता येतं ना सिग्नलमध्ये.

शुभदाताई : सिग्नलमध्ये येतं. बँकेच्या ॲपमध्ये? अँड्रॉइडवर सुरक्षिततेचा एक झेंडा असतो. ॲपनं तो लावला की बटणं दाबून चित्र निघत नाही. फोन केबलनं जोडून एडीबीवरून स्क्रीनकॅप चालवलं तरी नाही. आई ऐंशीची आहे. पैसे पाठवताना कुठे अडली हे तिला फोनवर सांगता येत नाही. चित्र पाठव म्हणावं, तर ॲप काढू देत नाही. तक्रार करायला गेलं की पलीकडून विचारतात, स्क्रीनशॉट आहे का? मग शेजारचा मुलगा दुसऱ्या फोननं पहिल्या फोनचा फोटो काढतो. त्यात खातं, शिल्लक, आईचा अंगठा, सगळं येतं, आणि ते त्या मुलाच्या फोनमध्ये राहतं. ही सुरक्षा?

ओंकार : तुमच्या आईला उद्या एक फोन येईल. 'आम्ही बँकेतून बोलतोय, हे ॲप टाका, आम्ही मदत करतो.' ते ॲप पडदा पलीकडे दाखवणारं असतं. अशा ॲपबद्दल रिझर्व्ह बँकेनंही लोकांना सावध केलंय. तो झेंडा असला तर पलीकडच्या चोराला काळा चौकोन दिसतो. त्याच काळ्या चौकोनानं आई वाचते, ज्यानं तुम्ही चिडता.

शुभदाताई : वाचू दे. पण मग कुलपाची किल्ली आईकडे असावी, बँकेकडे का?

ओंकारकडे याला उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. वेलँडच्या पोर्टलमध्ये किंवा मॅकवर प्रश्न वापरणाऱ्याला विचारला जातो, कितीही कटकट झाली तरी त्यालाच. फोनवरचा झेंडा परस्पर ठरवतो. या दोन्ही गोष्टींना 'सुरक्षा' म्हणून एकाच पोत्यात घालतात, तिथे माझी हरकत आहे. ताईंचा राग मला दुसऱ्या गोष्टीवर रास्त वाटतो, पहिलीवर नाही.

ओंकार : तुमच्या पुस्तिकेचं मात्र जमेल, ताई. एक्सव्हीएफबी वापरा.

शुभदाताई : सर्व्हरवर वापरायचे मी ते. मॉनिटर नसलेल्या मशीनवर.

ओंकार : तेच घरी वापरा. मेमरीतला पडदा, कुठेही दिसत नाही. १२८० बाय ८००, २४ बिटांचा रंग, क्रमांक नव्व्याण्णव. त्यात फक्त पुस्तिकेचा प्रोग्रॅम उघडा, मराठी लोकेलमध्ये, कोऱ्या प्रोफाइलनं. तुमची एक्सडब्ल्यूडी, तुमचा आकडा, तुमचा क्लास, सगळं जुनंच चालेल. पोर्टल नाही, परवानगी नाही. तिथे दुसरं कुणी राहतच नाही, मग लपवायचं कुणापासून?

शुभदाताई : शीर्षकपट्टी येणार नाही. तिथे विंडो मॅनेजर नसतो.

ओंकार : ओपनबॉक्स चालवा आत. हलकं आहे.

शुभदाताई : आणि रात्री स्क्रिप्ट चालताना माझ्या चित्रात भावजयीचा व्हॉट्सॲप मेसेज येणार नाही.

ओंकार : येणारच नाही. उद्या एखादा प्रोग्रॅम फक्त वेलँडवर चालणारा निघाला तर स्वेसुद्धा बिनमॉनिटरचं चालतं, आत ग्रिम.

शुभदाताई : ते उद्या बघू. पण एक लक्षात ठेव. चित्रं काढायला मी बसत नाही, बघायला बसते. गेल्या आवृत्तीत सगळी चित्रं बिनचूक आली होती, नावं बरोबर, आकार बरोबर. आणि एका बटणावर 'सुरू करा'तल्या 'सु'चा उकार खालून छाटलेला. बटणाची उंची इंग्रजी अक्षरं धरून ठरवलेली. कमांडच्या लेखी ते चित्र निर्दोष होतं.

ओंकार : मग?

शुभदाताई : मग काय, मूळ प्रकल्पाला कळवलं, चित्र जोडून.

वाद इथे संपला, कारण ताईंनी तेवढ्यात स्क्रिप्ट बदलायला घेतली. माझं मत विचाराल तर रोजच्या वापराच्या पडद्यावर ओंकार बरोबर आहे. ज्या सोयीनं ताईंची कमांड एका ओळीत भागत होती, त्याच सोयीनं कुणाचीही भागत होती, आणि ही सोय आता जाणार. उबुंटूच्या २५.१० आवृत्तीत ग्नोमसाठी एक्सचं सत्र उरलेलं नाही. पुस्तिका, चाचण्या, प्रशिक्षणाचं साहित्य अशा कामांसाठी मात्र जुना एक्स बंद पडद्याआड खुशाल वापरावा. तिथे त्याच्या मोकळेपणानं कुणाचं नुकसान होत नाही. स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनी आपल्या खऱ्या पडद्यावर 'सगळ्याला कायमची परवानगी' देणारे जुगाड शोधत बसू नये.

आणि तुम्ही यातलं काहीच करत नसाल तरी एक काम आज करा. मॅक असेल तर सेटिंग्जमध्ये गोपनीयतेच्या विभागात स्क्रीन रेकॉर्डिंगची यादी उघडा. त्यात टर्मिनल, मीटिंगची जुनी सॉफ्टवेअरं, कधीकाळी एकदाच वापरलेलं काहीतरी, अशी नावं सापडतील. ज्याला तुमचा पडदा बघायचं आज कारण नाही, त्याची परवानगी काढून टाका. गरज पडली की तो पुन्हा विचारेल.